घराचं तापमान एकदम नॉर्मल आहे

एका रविवारी सकाळी भांडुपच्या सहदेव धुरीने हॉलमधल्या पंख्याचा रेग्युलेटर बदलायचं ठरवलं. बस, एवढंच. तुमच्याआमच्या घरात रेग्युलेटर बदलला की पंखा नीट फिरतो आणि माणसं जेवायला बसतात. सहदेवच्या घरात पुढे जे जे झालं ते या एका रेग्युलेटरमुळे झालं, आणि शेवटी तो मुलुंडच्या भर सभागृहात आडवा पडला.

रेग्युलेटरवर संशय यायला कारण होती त्याची बायको नलिनी. गेला महिनाभर ती स्वयंपाकघरातून लालबुंद होऊन बाहेर यायची, पंखा पाचवर करायची आणि त्याच्याखाली उभी राहायची. जरा वेळाने म्हणायची, "बंद करा हो, गारठले मी." आषाढातले दिवस, बाहेर पाऊस कोसळतोय, सहदेवने स्वतः बनियनवर स्वेटर चढवलेला, आणि ही पदराने घाम पुसतेय. सहदेवने त्यावरून शास्त्रशुद्ध निष्कर्ष काढला की पंखा एका वेगावर टिकत नाही.

शास्त्रशुद्ध म्हणायचं कारण, सहदेव या विषयातला माणूस. पवईच्या एका काचेच्या उंच इमारतीत तो एसी प्लांटचा सुपरवायझर. तळघरात बसून सगळ्या मजल्यांचं तापमान सांभाळायचं. सहाव्या मजल्यावरच्या अकाउंट्सचा फोन येई, "धुरी, आम्ही काय पेंग्विन आहोत का?" तो ठेवतो न ठेवतो तोच त्याच मजल्यावरच्या सेल्सचा फोन, "धुरी, एसी चालू आहे की नुसता आवाज सोडलाय?" दोघांनाही तो "बघतो सर" असं सांगायचा आणि चहा प्यायचा. इतक्या वर्षांत त्याचं एक तत्त्वज्ञान तयार झालं होतं. जगात कुठेही काही बिघडलं तरी तीनच गोष्टी तपासायच्या. बातमी देणारा सेन्सर, निर्णय घेणारा कंट्रोलर आणि सांगितलेलं मुकाट्याने करणारा व्हॉल्व्ह. तिघांतला एक बिघडलेला असतोच. (घरात यातला व्हॉल्व्ह कोण, हे तो पाहुण्यांसमोर सांगत नसे.)

रेग्युलेटर बदलला. त्याच दुपारी नलिनी पुन्हा पाच, पुन्हा बंद. पुढच्या रविवारी सहदेवने हॉलमधला एसी उघडून धुतला. (हा एसी धुरींकडे फक्त मे महिन्यात आणि जावयासारख्या पाहुण्यांसाठी चाले. जावई अजून नव्हता, त्यामुळे एसी तसा नवाच होता.) मग खिडक्यांना ऊन अडवणारी फिल्म चिकटवली. ऊन महिनाभर कुणी पाहिलं नव्हतं, पण काम करायचं तर पूर्ण करायचं. तरी फरक नाही म्हटल्यावर त्याने ऑफिसमधून डिजिटल थर्मामीटर आणले आणि हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर, आणि कुठली शंका राहायला नको म्हणून बाथरूममध्येही टांगले. चार दिवस तो येताजाता त्यांच्याकडे बघत होता. आकडे जागचे हलत नव्हते.

तिसऱ्या रविवारी त्याने निकाल जाहीर केला. नलिनी ओट्याशी पोळ्या लाटत होती. मुलगी अपूर्वा फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला होती, ती डायनिंग टेबलवर जाडजूड पुस्तक उघडून मोबाइल बघत होती.

"घराचं तापमान एकदम नॉर्मल आहे," सहदेव म्हणाला. "पंखा ओके, एसी ओके, भिंती ओके. फॉल्ट सेन्सरमध्ये आहे."

"कुठल्या सेन्सरमध्ये?" नलिनीने विचारलं.

इथे शहाण्या माणसाने विषय बदलून आमटीला वास छान सुटलाय असं काहीतरी म्हटलं असतं. सहदेवने बोट दाखवलं. बोट सरळ नलिनीकडे होतं.

लाटणं हवेतच थांबलं. अपूर्वाने मोबाइल खाली ठेवला. (हे तिने दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच केलं.)

"म्हणजे मी बिघडलेय," नलिनी म्हणाली.

"बिघडलेय असं नाही गं. कॅलिब्रेशन म्हणतात त्याला. जरा इकडेतिकडे होतं."

सहदेवला वाटलं होतं, आता लाटणं येणार. लाटणं आलं नाही. नलिनी खुर्चीवर बसली आणि पीठ लागलेल्या हातांनीच तिने डोळे पुसले. "खरंच बिघडलेय हो मी," ती म्हणाली. "काय होतं माझं मलाच कळत नाही. छातीतून एकदम आग निघते, मानेवरून कानात जाते, वाटतं तोंडावर कुणी तवा धरलाय. मग घामाची आंघोळ, आणि मग थंडी. त्या दिवशी सोसायटीच्या कार्यक्रमात मधेच पळून आले ती याचमुळे. मी ग्रुपच्या रत्नप्रभाताईंना सांगून टाकलंय, या श्रावणात मी नाही. दुसरी कुणी बघा."

हे ऐकून मात्र सहदेव समोरची खुर्ची ओढून बसला. नलिनी एका मंगळागौरीच्या ग्रुपमध्ये होती. या आठजणी श्रावणात नऊवारी नेसून, नथी घालून सोसायट्यांमधून, सभागृहांमधून फुगड्या, सूप नाचवणं, गोफ असे खेळ करायच्या. नलिनी वर्षभर शाळेच्या ऑफिसात दाखले लिहायची, घर सांभाळायची, सहदेवची व्याख्यानं ऐकायची, ती या एका महिन्याच्या जोरावर. आणि गोफात तर तिच्याशिवाय पान हलत नसे. वर खांबाला बांधलेल्या आठ रंगीत दोऱ्या, आठ बायका, नाचता नाचता त्यांची वेणी गुंफायची आणि उलट नाचून ती सोडवायची. एक बाई मधून निघाली की सगळं गुंतलं. त्या दिवशी नलिनी दोरी टाकून पळाली तेव्हा वेणीची अशी काही गाठ बसली की शेवटी वॉचमनने शिडीवर चढून ती कापली. बायका बोलल्या काही नाहीत, पण नलिनीला तोंड दाखवायची लाज वाटत होती. श्रावणात मुलुंडला मोठी स्पर्धा होती, आणि ती घरात बसणार होती.

"आई, तू बिघडलेली नाहीस," अपूर्वा म्हणाली. ती उठून आईच्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली. "हे बघ, सोप्पं आहे. मेंदूत खाली एक एवढासा भाग असतो, हायपोथॅलॅमस. तो सारखा चेक करत असतो, रक्त किती गरम आहे. जास्त झालं की कातडीकडे रक्त सोडतो, म्हणून आपण लाल होतो. घाम सोडतो, म्हणजे आपण गार होतो. कमी झालं की कुडकुडायला लावतो. बाहेर पाऊस असू दे नाहीतर मे महिना, आत सगळं एकसारखं ठेवायचं हेच त्याचं काम."

"म्हणजे माझीच नोकरी," सहदेव म्हणाला.

"हो बाबा, पण तो मधेच चहाला जात नाही. तर या गरम आणि थंडच्या मधे थोडी जागा असते. तेवढ्यात वरखाली झालं तर तो लक्ष देत नाही. आईच्या वयात पाळी जायची वेळ येते, हार्मोन्स वरखाली होतात, आणि मग ही मधली जागा खूप अरुंद होते. म्हणजे जरा चहाची वाफ लागली तरी त्याला वाटतं, आग लागली! पळा! पाणी सोडा! म्हणून घाम. आणि घामाने जरा जास्त गार झालं की लगेच, अरे बापरे, बर्फ पडला! म्हणून थंडी. हॉट फ्लॅश म्हणतात. खूपजणींना होतं."

सहदेव ताडकन उभा राहिला. "डेड बँड!" तो ओरडला.

"सकाळी सकाळी घरात डेड-बिड बोलू नका," नलिनी म्हणाली.

"अगो, तसां नाय!" (सहदेव फार खूश झाला किंवा फार घाबरला की मालवणीत शिरायचा.) "थर्मोस्टॅटला मधे गॅप ठेवावा लागतो. त्यालाच डेड बँड म्हणतात. गॅप कमी ठेवला की प्लांट दर मिनिटाला चालू-बंद, चालू-बंद! नलू, तुझा डेड बँड अरुंद झालाय!"

एवढ्या वर्षांच्या संसारात सहदेवला बायकोचं म्हणणं पहिल्यांदाच स्वतःच्या भाषेत कळलं होतं. त्या आनंदात त्याने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. अपूर्वाच्या आग्रहाने ती तिघं डॉक्टरांकडेही जाऊन आली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, थायरॉइड वगैरे नाही याची खात्री केली, सुती कपडे घाला, चहा कोमट प्या, जास्त त्रास वाटला तर औषधंही आहेत, पुढच्या महिन्यात येऊन सांगा, असं समजावलं. आणि निघताना म्हणाल्या, "नाचता ना? मग मुळीच सोडू नका."

सहदेव इथेच थांबला असता तर त्याला आपण सगळ्यांनी चांगला नवरा म्हटलं असतं. पण आपल्याला विषय कळलाय असं वाटणारा माणूस स्वस्थ बसत नाही.

नलिनी डॉक्टरांकडून आली तरी तालमीला जायला तयार होईना. "गोफात असताना आलं तर?" एवढंच ती म्हणायची. मग सहदेवला आपल्या धंद्यातलं एक गुपित आठवलं. पवईच्या त्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर भिंतीला पांढरी डबी होती, वर गोल चकती, तिच्यावर आकडे. ज्याला उकडेल त्याने उठावं, चकती फिरवावी. यातल्या बऱ्याचशा डब्यांच्या मागे वायरच नव्हती. सेल्स आणि अकाउंट्सची मारामारी व्हायची वेळ आली तेव्हा कुणा पूर्वजाने त्या लावल्या होत्या. माणूस यायचा, चकती फिरवायचा, खुर्चीत बसून म्हणायचा, "हां, आता कसं गार वाटतंय!" सहदेवची अर्धी नोकरी त्या डब्यांनी वाचवली होती.

तशीच भंगारात निघालेली एक डबी साहेबांना विचारून त्याने घरी आणली, ओल्या फडक्याने पुसली, हॉलमध्ये शोकेसच्या बाजूला चिकटवली आणि एसी मंद चालू करून ठेवला.

"हे खास तुझ्यासाठी," तो नलिनीला म्हणाला. "थेट एसीच्या मेंदूला जोडलंय. वायरलेस आहे. आग आली की फिरवायचं."

अपूर्वाने बाबाकडे बघितलं. बाबाने पंख्याकडे बघितलं. पण नलिनीचा चेहरा असा काही खुलला की पोरगी गप्प बसली. नवऱ्याने आपल्यासाठी काहीतरी केलं, आणि तेसुद्धा न सांगता, याचंच नलिनीला इतकं अप्रूप होतं की तिने उलटसुलट काही विचारलं नाही.

आणि सांगू का, डबी चालली! कानात आग चढली की नलिनी जाऊन चकती फिरवायची, डोळे मिटून भिंतीशी उभी राहायची, सावकाश श्वास घ्यायची, आणि जरा वेळाने म्हणायची, "गेलं." (ते आपोआपही जातंच. पण जाताना जो जवळ उभा असेल त्याला श्रेय मिळतं. सहदेवचं सगळं करिअर याच नियमावर उभं होतं.) चार दिवसांत तिने रत्नप्रभाताईंना फोन केला, "मी येते. पण तालीम आमच्याकडे ठेवा. आमच्याकडे कंट्रोल आहे."

रत्नप्रभाताई म्हणजे ग्रुपच्या कॅप्टन. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या, पण आवाज अजून ट्रंक कॉलचा. त्या सहा बायकांना घेऊन हजर झाल्या. सोफा पॅसेजमध्ये गेला, टीपॉय बेडरूममध्ये गेला, सहदेव स्वयंपाकघरात गेला आणि कोकम सरबत करू लागला. तिथून त्याला सगळं ऐकू येत होतं.

"नलू, ते काय गं भिंतीवर?"

"थर्मोस्टॅट. ह्यांनी लावलाय. ऑफिससारखा."

"अय्या, मस्त! जरा चोवीस कर ना, मी नुसती निथळतेय."

"चोवीस नको गं, मला हुडहुडी भरते. सव्वीस कर."

"हां, आता कसं बरं वाटलं!"

"मला पण!"

एकीने चोवीस केलं, दुसरीने सव्वीस, तिसरीने परत चोवीस, आणि सगळ्यांना बरं वाटत होतं. सहदेवने सरबतात साखर ढवळता ढवळता मान डोलावली. आयुष्यात इतकं कौतुक त्याने स्वतःच्या कानांनी कधी ऐकलं नव्हतं. तो सरबताचा ट्रे घेऊन बाहेर आला, आणि त्याच क्षणी त्याची वाट लागली.

रत्नप्रभाताई आणि नलिनीची फुगडी चालली होती. फुगडीने वेग धरला, पदर खोचलेले, वेण्या उडतायत, आणि घामाने हात सुटले. नलिनी पॅसेजमधल्या सोफ्यावर जाऊन बसली. रत्नप्रभाताई तोल सावरायला भिंतीकडे गेल्या, हाताला लागेल ते त्यांनी धरलं, आणि मग भिंतीला पाठ घासत खाली बसल्या. हातात डबी होती.

त्यांनी ती उलटी केली. मागे दोन बोटं रुंद चिकटपट्टी. भिंतीकडे बघितलं. भिंतीला साधं भोकही नव्हतं.

"वायर कुठाय?" रत्नप्रभाताईंनी विचारलं.

"वायरलेस आहे," सहदेव म्हणाला.

रत्नप्रभाताईंनी नखाने डबीचं झाकण उघडलं. "मग सेल कुठायत?"

आतून एक वाळलेलं झुरळ पडलं. बहुधा पवईचं असावं. बाकी काही नव्हतं.

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. नलिनी सोफ्यावरून उठून आली, तिने डबी हातात घेतली आणि चकती एकदा फिरवून बघितली. "म्हणजे मी इतके दिवस झुरळाला गार करत होते," ती म्हणाली.

"नलू, पण तुला बरं वाटत होतं ना? म्हणून मी..."

"ऑफिसात त्या लोकांना गप्प करता ना, तसं मला केलंत. मी तुमची कम्प्लेंट आहे का हो?"

आयुष्यभर सहदेव "बघतो सर" म्हणत आला होता, आणि बायकोला ते म्हणून चालणार नव्हतं. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"थांब गं," रत्नप्रभाताई जमिनीवरूनच म्हणाल्या. "त्याला नंतर झोड. आधी सांग, तू हे का फिरवत होतीस?"

मग नलिनीने सगळं सांगितलं. छातीतली आग, कान, घाम, थंडी, सोसायटीच्या कार्यक्रमातून पळाली ते. सांगताना खाली बघत होती. सांगून झाल्यावर वर बघितलं तर सगळ्याजणी एकमेकींकडे बघत होत्या.

"मला वाटलं फक्त मलाच होतं!" एक म्हणाली.

"अगं मी तर हार्ट समजून ईसीजी काढून आले. डॉक्टर म्हणतो, हार्ट झकास आहे."

"मी ओला रुमाल फ्रीजरमध्ये ठेवते. परवा ह्यांनी मासा समजून बाहेर काढला."

"आणि मला काय व्हायचं माहितीय?" रत्नप्रभाताई म्हणाल्या. "ऑफिसात साहेबासमोर उभी असताना तोंड लाल व्हायचं. मेला सगळ्यांना सांगत सुटला, मॅडम मला बघून लाजतात! मी लाजणार? त्याला बघून?"

यावर जो हशा पिकला तो खालच्या मजल्यापर्यंत गेला. वर्षानुवर्षं या बायका एकमेकींना साबुदाणा न चिकटण्याच्या युक्त्या सांगत होत्या आणि हे मात्र प्रत्येकीने आपापल्या घरात, आपापल्या पंख्याखाली एकटीने सोसलं होतं. नलिनीही हसली. हसता हसता तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि म्हणाली, "चला, गोफ घेऊ या." डबी तिने सहदेवच्या ट्रेमध्ये ठेवली, सरबताच्या बाजूला.

ग्रुपचं मिटलं, पण घरात सहदेवची बदली झाली. नलिनी त्याच्याशी अपूर्वाच्या मार्फत बोलू लागली. "अपू, बाबांना सांग, जेवण वाढलंय." सहदेव दोन हातांच्या अंतरावर बसलेला असायचा. मुकाट्याने जेवताना त्याच्या लक्षात आलं की आपण घरात चार थर्मामीटर लावले, रोज त्यांच्याकडे बघितलं, आणि जिला त्रास होत होता तिच्याकडे एकदाही नीट बघितलं नाही. त्याने थर्मामीटर उतरवले आणि नलिनीकडे बघायला सुरुवात केली. बघितल्यावर दिसायला लागलं. आधी कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. मग वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब यायचे. मग ती डाव्या हाताने मानेवरचे केस उचलायची.

एका संध्याकाळी ती शेंगा सोलत होती. सहदेव उठला आणि तिने काही म्हणायच्या आत त्याने पंखा तीनवर केला.

नलिनीने मान वर केली. "कसं कळलं?" तिने थेट त्यालाच विचारलं.

"कान," सहदेव म्हणाला.

दोन शेंगा सोलून झाल्यावर ती म्हणाली, "चहा घेणार का?" सहदेवला वाटलं, आपल्याला प्रमोशन मिळालं. चहा कोमट होता, पण त्याने तो उकळता असल्यासारखा फुंकून फुंकून प्यायला.

श्रावणातली ती मुलुंडची स्पर्धा आली. नलिनीने सहदेवला ड्यूटी लावून दिली. स्टेजच्या कडेला, पडद्याआड उभं राहायचं. जवळ मोठा स्टँडचा पंखा, थंड पाण्याच्या बाटल्या, टॉवेल. नलिनीचे कान लाल झाले की टॉवेल हलवायचा. रत्नप्रभाताई ते बघून फेरा बदलतील आणि नलिनी पंख्याच्या बाजूला येईल. सेन्सर सहदेव, कंट्रोलर रत्नप्रभाताई. योजना ऐकून सहदेवचा ऊर भरून आला. ग्रुपच्या नवऱ्यांना बायकांच्या साड्यांना मॅचिंग जांभळे रेशमी कुर्ते आणि वर बंद गळ्याची जाकिटं शिवली होती. सहदेव ते घालून सकाळपासून तयार होता. नाश्ता गेला नाही. पाणी प्यायचं सुचलं नाही. बाटल्या तर नलूच्या होत्या.

हॉल खचाखच भरलेला. पंखा सहदेवने पूर्ण स्टेजकडे वळवला, स्वतः त्याच्या मागे, जिथे फक्त मोटरची ऊब येते तिथे, गुडघे ताठ करून शाळेच्या कवायतीसारखा उभा राहिला. पापणीसुद्धा हलवायची नाही असं त्याने ठरवलं होतं. फुगड्या झाल्या, सुपं नाचली, आणि मग वरून आठ दोऱ्या सुटल्या. गोफ सुरू झाला.

चौथ्या फेऱ्याला नलिनीचे कान लाल झाले. सहदेवने टॉवेल हलवला. रत्नप्रभाताईंचं लक्ष नव्हतं. त्याने दोन्ही हातांनी हलवला. मग त्याने नीट बघितलं आणि त्याचे हात खाली आले. आठही बायकांचे कान लाल होते! सगळ्यांच्या ओठांवर घाम, सगळ्यांच्या कपाळावर बटा चिकटलेल्या. त्यात नलिनीची आग कुठली आणि नाचाची कुठली, हे सांगायला ना सेन्सर उपयोगाचा होता ना सुपरवायझर. ती पंख्यासमोरून गेली, थांबली नाही. तिने पंख्याकडे बघितलंसुद्धा नाही. आग आली होती, सहदेवला ते पक्कं दिसत होतं, कारण तिचा डावा हात एकदा मानेकडे गेला. पण ती हसली, दोरी घट्ट धरली आणि त्या आगीला घेऊनच नाचत राहिली. वेणी गुंफली गेली, मग उलट्या फेऱ्यात एकेक पदर सुटत गेला, आणि शेवटी आठ दोऱ्या मोकळ्या, सरळ लटकत राहिल्या. एकही गाठ नाही.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सहदेवचे डोळे भरून आले. आपली बायको इतकी सुंदर दिसते हे त्याला माहीत होतं, पण बरीच वर्षं त्याने ते तपासलं नव्हतं. पुढे होऊन तिला पाणी द्यावं म्हणून त्याने बाटली उचलली. तेवढ्यात कानात शिट्टी वाजायला लागली, स्टेजवरचे दिवे मंद मंद होत गेले. "लाइट गेली वाटतं," असं म्हणत सहदेव पंख्याला धरून, पंखा पडद्याला धरून, असे सगळे मिळून स्टेजवर आले. तो नलिनीच्या पायाशी पडला आणि एक लोळण घेऊन थांबला. प्रेक्षकांना वाटलं, अंगाचं मुटकुळं करून लोळायचा गाठोड्याचा खेळ आहे. टाळ्या वाढल्या.

डोळे उघडले तेव्हा त्याचे पाय अपूर्वाच्या खांद्यावर होते आणि नलिनी नाचातल्या सुपाने त्याला वारा घालत होती. सूप जोरात चाललं होतं, त्यामुळे नथही हलत होती.

"बाबा, पाणी कधी प्यायलास?"

"काल," सहदेव प्रामाणिकपणे म्हणाला.

"वाटलंच! अंगात पाणी नाही, वर हे रेशमी जाकीट, आणि गुडघे लॉक करून उभा. सगळं रक्त पायात गेलं. डोक्याला मिळेना म्हणून बॉडीने तुला आडवं पाडलं. आडवं पडलं की रक्त आपोआप डोक्यात येतं. टेन्शन घेऊ नकोस, तुझी सिस्टीम परफेक्ट चालली."

"माझ्याकडे बघत बसलात," नलिनी म्हणाली. ती रडत होती की हसत होती ते घामामुळे कळत नव्हतं. "स्वतःकडे कोण बघणार होतं?"

"नलू, तुझे कान लाल झाले होते गं. मी टॉवेल हलवला."

"दिसला मला टॉवेल. म्हटलं, असू देत लाल." तिने त्याच्या तोंडाला बाटली लावली आणि दुसऱ्या हाताने त्याच्या जाकिटाची बटणं काढली. "पुढच्या वर्षी पंखा तुमच्याकडे वळवून ठेवू. आम्हाला लागत नाही."

पुढच्या वर्षी! सहदेवला तेवढ्यानेच निम्मी तरतरी आली. सभोवार गर्दी जमली होती. स्पर्धेचे परीक्षक, समोरच्या रांगेतल्या आज्या, दुसऱ्या ग्रुपच्या बायका, त्यांचे नवरे. काय झालं, बीपी का, शुगर का, अँब्युलन्स बोलवा, असा गलका चालला होता. तेवढ्यात रत्नप्रभाताई गर्दीतून वाट काढत आल्या. त्यांनी वाकून सहदेवचं निरीक्षण केलं. घामाने चिंब कपाळ, बर्फासारखे गार हात, डोळ्यांतून उगाचच येणारं पाणी. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात सांगितलं,

"काही नाही गं, घाबरू नका! वयच आहे. नलूच्या मिस्टरांचंही सुरू झालं!"